लॅपटॉपला वाचा फुटेपर्यंत

पुण्याला नोकरी करणाऱ्या पोरांची घरातली अडगळ काढायची एक सभ्य पद्धत असते. ती अडगळ ते गावाकडे आणून देतात आणि तिला भेट म्हणतात. माझ्या पुतणीनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीनं, दसऱ्याला वणीला येताना असाच एक जुना लॅपटॉप आणला. वजनाला पाटीइतका हलका, बिजागऱ्या सैल, आणि आत कोणता प्रोसेसर आहे ते सांगणारं स्टिकर घासून पांढरं पडलेलं. त्यात जी मूळची सिस्टीम होती ती सुरू व्हायलाच इतका वेळ घेई की तोवर वहिनीचा चहा होऊन आम्ही तो पिऊनही बसलेलो असू. शिवाय त्या सिस्टीमला आता कंपनीकडून नवे अपडेटही मिळणार नव्हते. माणूस निवृत्त झाल्यावर निदान पेन्शन तरी मिळते.

"काकाजी, ही सिस्टीम काढून याच्यात लिनक्स टाका. मस्त पळेल," पुतणी म्हणाली. मग तूच का नाही टाकलंस, असं विचारलं तर म्हणाली, "वेळच नाही मिळत हो." पुण्यात जो वेळ मिळत नाही तो सगळा आमच्याकडे पोत्यांनी पडलेला असतो, अशी या पोरांची पक्की समजूत आहे. ती समजूत खरी आहे, पण ती त्यांनी बोलून दाखवू नये.

लॅपटॉप दादासाठी, म्हणजे तिच्या वडिलांसाठी होता. दादानं उभा जन्म तहसीलीबाहेरच्या कडुनिंबाखाली टाइपरायटर घेऊन काढला. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाची कागदपत्रं, सगळं त्याच्या बोटांखालून गेलं. मग काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण आमच्या घरात डॉक्टरचं ऐकायची पद्धत नाही, डॉक्टरला सांगायची आहे. डोळे गेल्यावर टाइपरायटर कापड पांघरून कोपऱ्यात बसला आणि दादा त्याच्या शेजारी बसला.

रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवायचो. आमची घरं एकाला एक लागून आहेत, मधल्या भिंतीला दार आहे. चहा झाला की मी पेपर घेऊन दारातून पलीकडे जायचो आणि पहिल्या पानापासून सुरू करायचो. मी काही शाळकरी पोरासारखा नुसता वाचणारा माणूस नाही. एखाद्या पुढाऱ्यानं रस्त्याचं भूमिपूजन केलं, की त्याच रस्त्याचे नारळ आधी कोणी कोणी फोडले हे मी सांगायचो. कापसाच्या भावावर कोणी तज्ज्ञ बोलला, की त्यानं जन्मात बोंड तरी पाहिलं आहे का, हेही सांगायचो. बातमीपेक्षा बातमीच्या आतलं कळलं पाहिजे, असं माझं मत आहे. दादा ऐकायचा आणि मान हलवायचा.

तरी एक दिवस तो म्हणाला, "मले सोताचं सोतानं वाचता आलं पाह्यजे रे. काहीतरी पाह्य."

मला त्रास नको म्हणून तो असं म्हणतो आहे, असं मी धरून चाललो. मोठा भाऊ आहे, संकोच वाटत असेल. मोबाइल बोलतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो उपाय आम्ही करूनही पाहिला. पण ज्या माणसाची बोटं चाळीस वर्षं कळ दाबून खट्ट असा आवाज ऐकत आली, त्याला गुळगुळीत काच म्हणजे भिंतच. एकदा बातम्या लावायला गेला आणि पुसदच्या व्याह्यांना फोन लागला. व्याही घाबरले, सकाळी सकाळी काय झालं म्हणून. त्यानंतर दादानं मोबाइलला हात लावला नाही. त्याला खरी कळ असलेला कीबोर्ड हवा होता, आणि स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारं मशीन. लिनक्समध्ये तसा प्रोग्राम फुकट येतो आणि तो मराठी बोलतो, एवढं पुतणीनं शोधून ठेवलं होतं. म्हणजे काम सोपं होतं. जगातली सगळी कामं ती पुण्याहून बघितली की सोपी असतात.

लॅपटॉप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला घरातलं एकूण एक हत्यार पाटावर येतं: विळा, भाजी चिरायची पावशी, वहिनीचं शिलाई मशीन, माझा मल्टिमीटर, दादाचा टाइपरायटर. स्कूटर पाटावर मावत नाही म्हणून ती दाराशी. त्या रांगेत वहिनींनी लॅपटॉपही मांडला. इथवर माझी हरकत नव्हती. पण मी आत आलो तेव्हा त्यांचं कुंकवाचं बोट कीबोर्डवर टेकणारच होतं.

"वहिनी, थांबा! कुंकू नाही, हळद नाही, पाण्याचा तं थेंब नाही. मशीन हाये थे."

"मंग काय उपाशी ठेवू त्याले सणाच्या दिवशी?"

"अक्षता वाहा. थ्याही वरून नाही, बाजूनं. झाकण बंद करून."

असा सुवर्णमध्य काढला याचं मला समाधान वाटलं. वहिनींनी झाकण बंद केलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता बाजूनं वाहिल्या, आपट्याची दोन पानं वर ठेवली, आणि मशीन देवाच्या खात्यात जमा झालं.

पुतणी गेल्यावर मी कामाला लागलो. मी कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर कॉम्प्युटरपुढे नोकरी केलेली आहे. ट्रक काट्यावर चढला की आकडा स्क्रीनवर यायला हवा, आणि तो यावा म्हणून त्या काळ्या धुळीत मशीनची जी काय मनधरणी करावी लागते ती मी करत आलो. त्यामुळे कॉम्प्युटरचं मला चारचौघांपेक्षा जास्त कळतं असं मी मानतो, आणि आमच्या गल्लीनंही मानावं अशी माझी रास्त अपेक्षा आहे. मी लिनक्स उतरवून घेतलं, पेनड्राइव्हवर चढवलं, पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. त्यानं पेनड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आपल्या जुन्या सिस्टीमच्या घरी गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुसरा पेनड्राइव्ह आणला. त्याचीही तीच गत.

शेवटी अडला हरी म्हणून मी बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. हा माणूस सकाळी क्लास घेतो, दुपारी दुरुस्ती करतो आणि संध्याकाळी त्याच टेबलावर लग्नपत्रिका छापतो. यांपैकी पत्रिका त्याला बऱ्या जमतात. त्यानं लॅपटॉप उलटा केला, दोन बोटांनी वाजवून पाहिला, टरबूज घेताना वाजवतात तसा, आणि म्हणाला, "हार्डडिस्क गेली."

"हार्डडिस्क चांगली हाये. जुनी सिस्टीम चालू होते ना तिच्यावर."

"मंग फॉर्मेट मारा लागते."

"पेनड्राइव्हच घेत नाही तं फॉर्मेट कायचं मारता?"

त्यानं जरा विचार केला. "काकाजी, मदरबोर्ड असंल. तसाही प्रोसेसर पाहा ना, असा कोणी घेते का? डब्बा हाये हा. नवीन घ्या, मी लावून देतो."

आमच्याकडे दुरुस्तीचा हा ठरलेला क्रम आहे. आधी सगळ्यांत स्वस्त वस्तू बिघडते, मग महाग, आणि शेवटी गिऱ्हाईकच बिघडलेलं निघतं. मी लॅपटॉप काखेत मारून घरी आलो. राग आला होता, आणि रागात माझं डोकं बरं चालतं.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र त्याचं चुकून बरोबर होतं. इंटरनेटवर शोधल्यावर तो खरंच विचित्र जातीचा निघाला. टॅब्लेटमध्ये घालायसाठी बनवलेला प्रोसेसर कोणीतरी लॅपटॉपमध्ये बसवून स्वस्तात विकला होता. प्रोसेसर चौसष्ट बिटचा, पण त्याला सकाळी जागं करणारं जे आतलं फर्मवेअर असतं ते बत्तीस बिटचं. बैल दांडगा आणि मानेवरचं जू वासराच्या मापाचं. मी चौसष्ट बिटचं लिनक्स देत होतो, ते प्रोसेसरला चाललं असतं, पण दारावरच्या त्या फर्मवेअरला त्याची भाषाच कळत नव्हती. घोडं इथं पेंड खात होतं. असं मशीन बनवणाऱ्या माणसाला समोर बसवून विचारावंसं वाटतं, की बाबा, तुझ्या घरी दाराची चौकट आणि दार वेगवेगळ्या मापाचं बसवतोस का?

उपाय इतका लहान होता की त्याचाही राग आला. पेनड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये बत्तीस बिटवाली एक चिमूटभर फाइल टाकायची, बस. टाकली. लॅपटॉप सुरू केला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची यादी झराझरा खाली पळू लागली, आणि मी एकटाच खुर्चीवरून उठून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली. वायफाय चालेना, तर मोबाइल केबलनं जोडून त्यातून इंटरनेट घेतलं. मधे लाइट गेली, बॅटरीनं दम धरला. दुपारच्या जेवणापर्यंत लिनक्स बसलं. जुनी सिस्टीम पुसून टाकली. स्क्रीन लख्ख, झाकण उघडताच जागा होणारा, चहाला आधण ठेवायच्या आत तयार होणारा लॅपटॉप. जुन्या टाइपरायटरची मराठी मांडणीसुद्धा मी त्यात शोधून लावली.

दादाला बोलावलं. तो खुर्चीत बसला, पाठ ताठ केली, दोन्ही हात कीबोर्डवर आणले आणि क्षणभर तसेच ठेवले. मग बोटं पळायला लागली. किती दिवसांनी मी ती पळताना पाहत होतो. स्क्रीनवर उमटलं: 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार खालीलप्रमाणे विनंती अर्ज सादर करतो की'. एक वेलांटी इकडची तिकडे नाही.

दादा थांबला. मान थोडी वाकडी करून ऐकत राहिला.

"काय उमटलं?"

मी वाचून दाखवलं.

"थे नाही. मशीन काय म्हणते?"

मशीन काहीच म्हणत नव्हतं. बोलणारा प्रोग्राम चालू होता, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली होती, आणि लॅपटॉप ढिम्म. दादानं आणखी थोडं टाइप केलं, थांबला, ऐकलं. मग हात काढून मांडीवर ठेवले.

त्यानंतर जो आला त्यानं लॅपटॉपचं कौतुक केलं. कॉम्प्युटरवाला रस्त्यानं जाताना डोकावला आणि म्हणाला, "पाहा, झालं ना काकाजी! मी म्हणतच होतो." काय म्हणत होता ते त्यालाच ठाऊक. शेजारच्यांनी रंग किती छान दिसतात म्हणून सांगितलं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी आणलेल्या वस्तूचे रंग पाहून ही माणसं खूश होत होती! आंधळ्या माणसापुढे मुका लॅपटॉप म्हणजे पोळपाट, हे एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं. मी तोंडावर तसं बोललो तर लोकांनाच वाईट वाटलं.

आवाजाच्या शोधात मी पडलो तो असा, की कापूस वेचायला आला, वेचून झाला, आणि मी अजून त्याच्यातच. या जातीच्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये आवाज येत नाही, ही तक्रार जगभर होती. इंग्रजीतल्या एका चर्चेच्या पानावर अशा लोकांचा मेळा भरलेला असे. एक म्हणायचा अमुक फाइल बदला. ती बदलली. दुसरा म्हणायचा, ती अजिबात बदलू नका, तमुक बदला. पहिली पूर्ववत करून तीही बदलली. तिसरा विचारायचा, तुम्ही हे मशीन का वापरता? असल्या माणसाला उत्तर देऊ नये, मी सविस्तर दिलं.

पुतणी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती. "काकाजी, ब्लूटूथ स्पीकर लावा ना." ब्लूटूथ त्या मशीनवर चालतच नव्हतं. "मग यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, ते लावा." ते चाललं असतं, मला माहीत होतं. पण घरात नळ असताना टँकर कशाला बोलवायचा? स्पीकर मशीनच्या आत होते, धडधाकट होते, जुन्या सिस्टीमवर पुतणीच्याच हातात ते वाजलेले होते. ते वाजलेच पाहिजेत. मी तिला म्हटलं, "हे पाह्य, अर्धवट काम मी करत नाही." ती म्हणाली, "बाबा वाट पाहून राह्यले ना पण." पुण्यात राहून तिची बोली फक्त भांडताना परत येते.

कानात घालायचे इअरफोन दादाला चालत नव्हते, हा प्रश्न तिथंच मिटला होता. डोळे गेल्यापासून त्याचे कान हेच सगळं. दारात कोण आलं, दूध उतू चाललं का, मांजर कुठं आहे, हे तो कानांनी पाहतो. त्यात बूच मारून घ्यायला तो तयार नव्हता, आणि मीही आग्रह केला नाही.

दादा मला काही म्हणत नव्हता. एकदाच म्हणाला, "राहू दे बे आता. नको इतका जीव काढू." आणि जुन्या टाइपरायटरवरचं कापड काढून त्यानं लॅपटॉपवर घातलं. मला ते पाहून फार वाईट वाटलं. वहिनी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, रोज सकाळी उठले का त्याच्यावर हात फिरवतेत. मशीन उघडतेत, एक कळ दाबतेत, आयकतेत, अन् झाकून ठेवतेत. मले पाह्यवत नाही." मग मी पेपर घेऊन गेलो की दादा नेहमीसारखा ऐके. मी आणखी मन लावून वाचायचो, आणखी समजावून सांगायचो, त्याला कमी पडू नये म्हणून.

त्या चर्चेच्या पानावर एक मनुष्य होता, कोणत्या देशाचा कोण जाणे. त्यानं माझ्याकडून मशीनची सगळी माहिती मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी एकच ओळ लिहिली. तुमचं मशीन आवाज हेडफोनकडे पाठवतं आहे, हेडफोनच्या भोकात काही घातलेलं आहे का? माझं डोकं फिरलं. आवाजाच्या सेटिंगमध्ये ते हेडफोनचं चित्र मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो, आणि लिनक्सच्या अनेक थापांपैकी ती एक म्हणून सोडून दिलेली होती. मी त्याला लिहिलं की मी वजनकाट्यावर आयुष्य काढलेला माणूस आहे, भोकात काही आहे की नाही एवढं मला दिसतं, आणि आमच्या घरात हेडफोन ही वस्तूच नाही. इंग्रजीत रागावताना मला शब्द कमी पडतात, त्यामुळे ते जरा जास्तच उद्धट झालं. त्यानं शांतपणे परत लिहिलं: कृपया भोकात बॅटरीचा उजेड टाकून पाहा.

बॅटरी लावून पाहिली ती त्याला खोटं पाडायसाठी. दुपारची वेळ, लॅपटॉप मांडीवर आडवा धरला, भोकावर उजेड टाकला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. तळाशी काहीतरी लाल होतं. आधी वाटलं आतला दिवा असेल. मग सुई घेतली, मशीन बंद केलं, भोक खाली करून हळूच टोचलं आणि पाठीवर चापट्या मारल्या. माझ्या धोतरावर कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा पडला.

वरून नाही, बाजूनं, असं मीच सांगितलं होतं. वहिनींनी सांगितलं तसंच केलं होतं. डोंगर पोखरून लोकांना निदान उंदीर तरी सापडतो. मी इतके दिवस जगभरच्या विद्वानांना कामाला लावलं, फायली उलट्यासुलट्या केल्या, प्रोसेसर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मशीन बिचारं भोकात हेडफोन आहे असं समजून गप्प बसलं होतं. अक्षता पुरून उरल्या.

मी लॅपटॉप सुरू केला. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली होती हे मी विसरलो होतो. अख्ख्या घरात एक पुरुषी, पत्र्यासारखा आवाज कडाडला, "स्क्रीन वाचक सुरू!" आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मांजर पळून गेलं. दादा पलीकडच्या खोलीतून भिंत चाचपत जवळजवळ धावत आला.

"बोललं का? थेच बोललं का?"

"थेच."

"काय होतं मंग त्याले?"

मी सांगितलं. दादा खुर्चीत बसून असा हसला की त्याला ठसका लागला. वहिनी मात्र गंभीर झाल्या. "पाहा, म्हणत नव्हती मी कुंकू लावू द्या सरळ? कुंकू काही भोकात जात नाही."

त्या परदेशी माणसाला कळवणं भाग होतं. पूजेतला तांदूळ याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर माझा बराच वेळ गेला. त्यानं विचारलं, तुम्ही लॅपटॉपची पूजा करता? मी लिहिलं, वर्षातून एकदा, स्कूटरबरोबर. त्यानं लिहिलं, छान आहे, पुढच्या वेळी आधी भोकावर चिकटपट्टी लावा. माझ्या उद्धटपणाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. असली सज्जन माणसं मला अवघड जातात.

पुढचे काही दिवस दादानं मशीन शिकण्यात घातले. मी शेजारी बसून सांगायचो, तो एकदा ऐकायचा आणि बोटांत साठवून ठेवायचा. बाणाची कळ दाबली की पुढचं वाक्य, दुसरी दाबली की मागचं, कंट्रोल दाबला की गप्प. पेपरचं पान कसं उघडायचं, जाहिराती कशा ओलांडायच्या, तेही त्यानं शिकून घेतलं. वाचणारा आवाज मात्र ऐकवत नव्हता. जोडाक्षर आलं की त्याला ठेच लागे. प्रश्न, उद्गार, दुःख, लग्न, सगळं एकाच सुरात. मला वाटलं, गंमत म्हणून ठीक आहे. मन भरलं की दादा आपल्या जागी येईल.

मग एका सकाळी मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन, पेपर काखेत मारून मधल्या दारातून गेलो. दादा आंघोळ करून, केस विंचरून लॅपटॉपपुढे बसलेला. मशीन आपल्या पत्र्याच्या आवाजात पहिल्या पानावरची बातमी वाचत होतं. मी खुर्ची ओढली, पेपर उघडला. दादानं हात वर केला, थांब म्हणून.

मी थोडा वेळ ऐकलं. मग राहवेना. "दादा, हे काय वाचणं हाये? निस्ता कोर्टातला पुकारा वाटते. ठेव बाजूला, मी वाचतो."

त्यानं कंट्रोल दाबला. मशीन गप्प झालं.

"वाचते तं बरोबर," तो म्हणाला. "अन् मधात बोलत नाही."

"म्हंजे?"

"राग नको मानू. डोळे गेल्यापासून मी बातमी आयकलीच नाही रे. तू काय म्हणतो थेच आयकलं. मले वाटे, काय झालं थे आधी मले समजू दे, मंग मी पाहीन हासाचं का चिडाचं. पण माह्या आधी तुयं हासून झालेलं राहे."

"मंग सांगतलं काहून नाही कधी?"

"कसा सांगू? वाचणारा तू एकटाच होता."

हे तो अगदी साधेपणानं बोलला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी पेपरची घडी घातली. मान हलवणारा दादा मला आठवत राहिला, इतक्या सकाळी, इतक्या पानांवर, आणि मी ती दाद समजत होतो. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त एकटं वाटलं.

उठून जावं तर ते रुसल्यासारखं दिसेल, म्हणून बसून राहिलो. दादानं कळ दाबली. मशीन पुढं वाचू लागलं. कोळशाच्या ट्रकांमुळे उडणाऱ्या धुळीवर लवकरच उपाययोजना करण्यात येईल, असं कोणी मोठ्या पदावरच्या माणसानं सांगितलं होतं. त्या 'लवकरच'वर माझी जीभ आपसूक उचलली गेली. खाणीवर मी जन्म काढला आहे, धुळीचं मी सांगणार नाही तर कोण सांगणार? पण मी तोंड मिटून घेतलं.

दादाला ते ऐकू आलं असावं. त्याला सगळंच ऐकू येतं. त्यानं कंट्रोल दाबला, मशीन थांबवलं, आणि चेहरा माझ्याकडे वळवला.

"हं. बोल आता," तो म्हणाला. "बोलून घे, मंग पुढचं लावतो."

तो खरोखर वाट पाहत थांबला, बोट कळेवर ठेवून. आणि मला काय बोलायचं ते सुचेना.